टिपणे आणि पुसणे : गालिच्यावरील डाग व मराठी क्रियापदे

गालिच्यावर चहा सांडला असता घरातील कर्त्या माणसाच्या तोंडून जो पहिला शब्द निघतो, तो बहुधा ‘पुसून घे’ हा असतो. ही आज्ञा ज्याला वा जिला उद्देशून केलेली असते, ती व्यक्ती पुष्कळदा घरकामास ठेवलेली असते. ती आज्ञेचे पालन तंतोतंत करते. लादी पुसण्याचे फडके ओले करून, पिळून, ती ते डागावरून चार-सहा वेळा जोराने फिरविते. वितभर डाग हातभर होतो, लव विस्कटते, आणि दुसऱ्या दिवशी गालिचा बिघडल्याचा ठपका पुसणाऱ्या हातावर येतो. वस्तुतः त्या हाताने सांगितले तेच केले. दोष असेल तर तो आज्ञार्थी क्रियापदाच्या निवडीत आहे. डागाच्या बाबतीत पहिली काही मिनिटे निर्णायक असतात, आणि त्या मिनिटांत काय घडते हे एका शब्दावर अवलंबून राहते. म्हणून ‘पुसणे’ व ‘टिपणे’ या दोन क्रियापदांतील भेद हा केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा विषय राहत नाही.

हा घोटाळा मराठीत सहज का होतो, याचे कारण गालिच्याच्या स्थानात शोधावे लागते. मराठी घरातील स्वच्छतेची क्रियापदे दोन कुळांत विभागलेली दिसतात. एक कुळ भुईचे : झाडणे, सारवणे, पुसणे, घासणे. दुसरे कुळ वस्त्राचे : भिजविणे, चोळणे, आपटणे, खळबळणे, पिळणे, वाळत घालणे. भुई जागची हालत नाही आणि वस्त्र नदीवर किंवा मोरीत नेता येते, या साध्या भेदावर ही विभागणी उभी आहे. गालिचा मात्र भुईवर पसरलेले वस्त्र होय. तो भुईसारखा एका जागी असतो, पण भुईसारखा कठीण व गुळगुळीत नसतो. तो वस्त्रासारखा विणलेला असतो, पण वस्त्रासारखा आपटता-पिळता येत नाही. त्यामुळे दोन्ही कुळांतील क्रियापदे त्याला लावता येतात आणि दोन्ही कुळांतील क्रिया त्याला बाधतात.

या वस्तूची नावेही मराठीत बाहेरून आलेली आहेत. ‘गालिचा’ हा शब्द फारसी असून त्याच्या अंती असलेला ‘चा’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय आहे. ‘बगीचा’ म्हणजे जशी लहान बाग, तसा ‘गालिचा’ म्हणजे मुळात लहान आकाराचा ‘गाली’. मराठीत या लघुत्वाची जाणीव राहिलेली नाही, म्हणून ‘भला मोठा गालिचा’ असे म्हणताना कोणासही विसंगती वाटत नाही. ‘सतरंजी’चा प्रवास याहून मौजेचा आहे. संस्कृत ‘चतुरंग’ इराणात व अरबस्तानात जाऊन ‘शत्रंज’ झाला आणि बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकड्या असलेल्या जाड कापडाचे नाव होऊन परत आला. या दोन शब्दांतील भेद डाग काढणाऱ्याने ध्यानात ठेवलाच पाहिजे. सतरंजी बहुधा सुती, सपाट विणीची व लव नसलेली असते. तिचे रंग पक्के असतील तर ती वस्त्राच्या कुळात बसते आणि धुता येते. गालिच्यात ताण्याच्या प्रत्येक जोडीस लोकरीची गाठ मारलेली असते आणि तिची कापलेली टोके वर उभी राहतात. एके काळी येरवड्याच्या कारागृहात विणले जाणारे गालिचे या दुसऱ्या प्रकारचे, आणि भदोहीचे हातगाठीचे गालिचेही याच प्रकारचे. पुढील विवेचन प्रामुख्याने या लोकरी गालिच्याविषयी आहे.

आता ‘पुसणे’. मराठीत या रूपाची दोन क्रियापदे आहेत. विचारणे या अर्थाचे ‘पुसणे’ हे संस्कृत ‘पृच्छ्’, प्राकृत ‘पुच्छ’ यापासून आले. ‘मच्छ’चा जसा ‘मासा’ झाला, तसाच येथेही ‘च्छ’चा ‘स’ झाला. ज्यूल ब्लॉक यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या मराठीच्या घडणीवरील आपल्या फ्रेंच ग्रंथात या ध्वनिपरिवर्तनाचा परामर्श घेतलेला आहे. साफ करणे या अर्थाचे ‘पुसणे’ मात्र ‘प्र + उञ्छ्’ या मुळापासून आलेले आहे. ध्वनिदृष्ट्या दोन्ही एकत्र आली, अर्थदृष्ट्या निराळीच राहिली. या दुसऱ्या ‘पुसणे’चे वाक्यरचनेतील वर्तन लक्षणीय आहे. त्याचे कर्म पृष्ठभागही होऊ शकते व त्यावरील खूणही : ‘पाटी पुसली’ आणि ‘अक्षर पुसले’ ही दोन्ही वाक्ये सारखीच शुद्ध होत. याचा अर्थ असा, की हे क्रियापद पृष्ठभाग व खूण यांत भेद करीत नाही. हात आडवा फिरतो, खूण जाते आणि पृष्ठभाग होता तसा राहतो, हे त्याने गृहीत धरलेले असते. पाटी, फळा, फरशी, आरसा यांच्या बाबतीत ते गृहीत खरेही आहे.

‘टिपणे’चे तसे नाही. पाखरे दाणे टिपतात. शाई टीपकागदाने टिपली जाते. पदराने घाम टिपतात. शिकारी सावज टिपतो. छायाचित्रकार दृश्य टिपतो. या सर्व प्रयोगांत एक समान गाभा आहे. क्रिया एका बिंदूवर होते, हालचाल उभी असते, आणि नेमकी इष्ट वस्तूच उचलली जाते, आजूबाजूस धक्का लागत नाही. कोंबडी अंगणातले दाणे टिपते तेव्हा अंगण जागच्या जागी राहते. कर्माच्या बाबतीतही हे क्रियापद काटेकोर आहे. ‘गालिच्यावरचा चहा टिपला’ हे वाक्य चालते, ‘गालिचा टिपला’ हे चालत नाही. ‘डोळे टिपले’ हा एक ठळक अपवाद आहे, आणि तो उद्बोधक आहे. ‘डोळे पुसले’ आणि ‘डोळे टिपले’ यांतील फरक प्रत्येक मराठी भाषकास जाणवतो. पहिल्यात कृती संपविण्याची घाई आहे. दुसऱ्यात पदराचे टोक डोळ्याच्या कडेला क्षणभर टेकते आणि पाणी आपणहून त्यात चढते. गालिच्यावरील ओल्या डागास जी क्रिया हवी असते, ती हीच.

भौतिक कारण असे. लोकरीच्या धाग्यावर माशाच्या खवल्यांसारखे सूक्ष्म पापुद्रे असतात आणि त्यांवर स्निग्धतेचा एक पातळ थर असतो. त्यामुळे सांडलेला द्रव पहिले काही क्षण थेंबाथेंबाने लवेवर उभा राहतो, आत शिरत नाही. धाग्याचा गाभा मात्र विलक्षण शोषक असतो. हवेतील बाष्प लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत सामावून घेते, आणि तरीही हाताला ओली लागत नाही. म्हणजे सांडणे आणि शोषले जाणे यांच्या दरम्यान एक लहानसा अवकाश असतो. त्या अवकाशात कोरडे, पांढरे, सुती कापड द्रवावर टेकविले, तर केशाकर्षणाने द्रव त्या कापडात चढतो, कारण कोरड्या सुताची ओढ त्या क्षणी लोकरीपेक्षा अधिक असते. तेच कापड आडवे फिरविले तर द्रव पापुद्र्यांच्या फटींत लोटला जातो आणि शेजारच्या कोरड्या लवेत पसरतो. शिवाय ओल, ऊब आणि घर्षण ही तिन्ही एकत्र आली, की पापुद्रे एकमेकांत अडकतात व लोकर जमते. काश्मिरी नमदा याच तत्त्वावर बनतो. गालिचा घासणारा हात नकळत नमदा बनवीत असतो. त्या जागी उरणारा खडबडीत, मळकट भासणारा ठिपका हा पुष्कळदा डाग नसतोच. द्रव्य निघून गेलेले असते आणि लवेची रचना मोडलेली असते. ती प्रकाश निराळ्या तऱ्हेने परावर्तित करते, एवढेच.

डागाच्या अवस्थांना मराठीत सुंदर क्रियापदे आहेत : सांडणे, मुरणे, बसणे. जुन्या मराठीत ‘सांडणे’चा अर्थ त्यागणे, टाकून देणे असा होता. आज तो द्रवापुरता व दाण्यांपुरता उरला असला, तरी सांडलेली वस्तू अद्याप कोणाचीच झालेली नसते, ही छटा त्यात टिकून आहे. ‘मुरणे’ हे लोणच्याचे व जमिनीत जिरणाऱ्या पाण्याचे क्रियापद. यात काळ जातो, आणि मुरलेले परत काढता येते ते फार कष्टाने. ‘बसणे’ हे रंगाऱ्याचे क्रियापद होय : रंग बसला, म्हणजे धाग्याशी त्याचा संबंध जडला. लोकर हे प्रथिन असल्यामुळे तिच्यात अमिनो गट असतात, आणि सरबते व मिठाई यांत वापरले जाणारे अनेक कृत्रिम खाद्यरंग हे रसायनदृष्ट्या लोकर रंगविण्याच्या आम्लरंगांचेच सगोत्र असतात. लाल सरबत लोकरीवर सांडले, तर त्याला डाग म्हणणे हे एका अर्थी सौजन्य आहे. तेथे रंगकाम चाललेले असते. टिपण्याने पहिली अवस्था पूर्ण व दुसरी अंशतः परतविता येते. तिसरीवर टिपण्याचा इलाज चालत नाही.

टिपण्याची रीत थोडक्यात सांगता येते. आमटी किंवा रस्सा सांडला असेल, तर भाजीच्या फोडी व इतर घन भाग प्रथम चमच्याने उचलावेत. मग कडेकडून मध्याकडे येत कापड टेकवीत जावे. मध्यापासून आरंभ केला की परीघ वाढतो. कापडाची भिजलेली बाजू दर वेळी बदलावी, कारण भिजलेले कापड टिपीत नाही, परत देते. कापड पांढरे हवे. रंगीत फडक्याचा रंग सुटून एका डागाचे दोन डाग होतात. कापडावर काही उमटेनासे झाले, की कोमट पाण्यात सौम्य द्रव साबणाचे मोजके थेंब घालून त्याचा फेस लावावा, पुन्हा टिपावे, मग निव्वळ पाणी लावून पुन्हा टिपावे. साबण मागे राहिला तर चिकटपणामुळे ती जागा आठवड्याभरात अधिक मळते, आणि डाग ‘परत आला’ असे घरात म्हटले जाते. कोणतेही द्रव्य लावण्यापूर्वी ते गालिच्याच्या झाकलेल्या कोपऱ्यावर लावून पाहावे. शाईच्या डागावर दूध ओतण्याचा घरगुती उपाय सुती सदऱ्यास ठीक आहे, कारण सदरा मागाहून धुतला जातो. गालिच्यात ते दूध तसेच राहून आंबते.

आता ‘निघणे’ आणि ‘जाणे’ यांचा विचार करावयास हवा. ‘डाग निघाला’ व ‘डाग गेला’ ही वाक्ये बोलण्यात अदलाबदलीने येतात; तथापि त्यांचा कल एक नाही. ‘निघणे’ हे ‘काढणे’चे अकर्मक प्रतिरूप आहे. कोणी तरी काढले म्हणून निघाले, आणि जे निघाले ते कोठे तरी बाहेर पडले. ‘जाणे’स कर्ता लागत नाही, आणि डागाच्या बाबतीत, गेलेली वस्तू कोठे गेली हेही विचारावे लागत नाही. ‘तुपाचा डाग साबणाने निघतो’ आणि ‘हळदीचा डाग उन्हाने जातो’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवली, की हा भेद स्पष्ट होतो. रसायनशास्त्रही त्याला पुष्टी देते. तुपाचे कण साबण आपल्याभोवती वेढून पाण्यात आणतो. द्रव्य खरोखरच बाहेर निघते. हळदीतील कर्क्युमिन हे पाण्यात फारसे विरघळत नाही, तेलात विरघळते आणि लोकर व सूत या दोहोंवरही सहज बसते. म्हणूनच फोडणीतील तेलाबरोबर ते खोल जाते. पण सूर्यप्रकाशात त्याचा रेणू मोडतो व पिवळेपणा नाहीसा होतो. तेथे काढले असे काहीच जात नाही, दिसणारे दिसेनासे होते. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या सौम्य द्रावणाचे कार्य बव्हंशी याच वर्गात मोडते. ‘जाण्या’च्या उपायांत एक धोका अंतर्भूत आहे : जो प्रकाश हळदीचा रंग मोडतो, तो गालिच्याच्या मूळ रंगाबाबत पक्षपात करीलच असे नाही.

हळदीच्या डागाला धुण्याचा साबण लावला असता तो एकाएकी तांबडा होतो आणि डाग वाढल्याच्या समजुतीने घरात धावपळ उडते. मराठी घरात तरी याचे आश्चर्य वाटू नये. हळदीवर क्षाराची क्रिया करून कुंकू तयार करण्याची जुनी रीत हेच रसायन आहे. सौम्य आम्ल लाविले की पिवळा रंग परत येतो. तात्पर्य, डाग वाढलेला नसतो, त्याने आपले आम्ल-क्षाराचे निदान तेवढे सांगितलेले असते.

वस्त्राच्या कुळातील द्रव्ये लोकरीस का चालत नाहीत, हेही येथेच सांगणे प्राप्त आहे. धुण्याचा सोडा सुतास मानवतो. लोकरीतील केराटिन हे प्रथिन मात्र क्षाराने, विशेषतः गरम क्षाराने, खंगते. पांढऱ्या सुती कपड्यांसाठी वापरले जाणारे क्लोरीनयुक्त विरंजक लोकर पिवळी पाडते आणि पुरेसे तीव्र असल्यास तिला अक्षरशः विरघळविते. रक्त व अंडे यांवर गरम पाणी घालणे म्हणजे अंडे उकडण्यासारखेच होय. प्रथिन गोठते आणि धाग्याला धरून बसते. तेथे थंड पाणीच हवे. कृत्रिम धाग्यांचा हिशेब निराळा आहे. नायलॉनमध्येही आम्लरंग धरणाऱ्या जागा असतात, आणि त्या जागा आधीच अडवून ठेवण्याच्या प्रक्रियेमुळे १९८६ पासून अमेरिकेत डागरोधक गालिच्यांचा मोठा व्यापार उभा राहिला. पॉलिप्रोपिलीन पाणी जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे चहा त्यावर बसत नाही. तेल मात्र त्याला प्रिय आहे.

टिपूनही, साबण काढूनही, दुसऱ्या दिवशी त्याच जागी डाग पुन्हा ‘उमटतो’, असा अनुभव पुष्कळांस येतो. येथे ‘उमटणे’ हा शब्द यथार्थ आहे. तो खालून वर येण्याचा शब्द आहे. लवेच्या बुडाशी उतरलेला द्रव, वरची टोके वाळू लागताच, दिव्याच्या वातीतील तेलाप्रमाणे वर चढतो. पाणी उडून जाते आणि त्याने आणलेला रंग टोकावर राहतो. मागचे अस्तर तागाचे असल्यास फार पाणी ओतण्याने आणखी एक विकार जडतो. तागातील तपकिरी द्रव्य ओलीबरोबर वर येते आणि निव्वळ पाण्याचाही तपकिरी डाग पडतो. यावर व्हिनेगरचे विरल द्रावण उपयोगी पडते. उमटणे टाळण्याचा उपाय मात्र साधा आहे. ओल्या जागेवर कोऱ्या पांढऱ्या कापडाची जाड घडी ठेवावी, तिच्यावर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर दोन-चार जड ग्रंथ, आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. वर चढणारा द्रव लवेच्या टोकाशी न थांबता घडीत जातो. ही टिपण्याचीच क्रिया होय. फरक इतकाच, की येथे हात लागत नाही.

शेवटी ‘डाग’ या शब्दाविषयी. कलंक, लांछन, काळिमा हे संस्कृतोद्भव शब्द मराठीत चंद्राला, कुळाला व नावाला लागतात, गालिच्याला लागत नाहीत. ‘गालिच्याला कलंक लागला’ हे वाक्य विनोदासाठीच शक्य आहे. कपड्यास व चारित्र्यास सारखाच चालणारा शब्द ‘डाग’, आणि तो फारसी ‘दाग’ होय. त्याचा मूळ अर्थ तापल्या लोखंडाने जनावरावर उमटविलेली खूण. संस्कृत ‘दह्’ व ‘निदाघ’ यांच्याशी तो भारत-युरोपीय मुळापासून संबद्ध आहे. मराठीत ‘द’चा ‘ड’ होण्यास, ‘दाह’, ‘दग्ध’ इत्यादी शब्दांत प्राकृत वैयाकरणांनी मान्य केलेल्या विकल्पाची पूर्वपीठिका साहाय्यक झाली असावी. ‘डागणे’, ‘डागणी’ हे शब्द भाजण्याचा तो अर्थ अद्याप वागवितात. मूळ अर्थाचा हा डाग, म्हणजे उदबत्तीच्या निखाऱ्याने पडलेला, मात्र निघतही नाही आणि जातही नाही. कारण तेथे काही लागलेले नसते, होते ते गेलेले असते. लोकर वितळत नाही, ती करपते आणि बहुधा आपणहून विझते. करपलेली टोके कोरड्या मऊ कुंचल्याने झाडली, तर वरवरचा डाग दिसेनासा होतो. निखारा गाठीपर्यंत पोचला असेल, तर काम रफूगाराकडे जाते. तो त्याच गालिच्याच्या, कपाटाखाली झाकलेल्या कडेची लोकर उपसून आणतो आणि रिकाम्या झालेल्या ताण्यावर एकेक गाठ नव्याने मारतो.